पाण्यात काय टाकतो?

४ मार्च
पाण्याच्या टाकीवर रुजू झालो. देवाची कृपा, नाहीतर पन्नाशीला टेकलेल्याला नोकरी कोण देतो? टाकीखालीच खोली, खाट, मोरी. सकाळी जंतुनाशक पावडर कालवून टाकीत ओतायची, मग व्हॉल्व्ह फिरवायचा. ओतण्याआधी मी डोळे मिटून देवाचं नाव घेतो. एवढी माणसं पिणार, घेतलेलं बरं. खालच्या वस्तीतली चहावाली मला भाऊ म्हणते. पैसे मात्र रोख घेते.

१७ मार्च
वस्तीत जुलाब-उलट्या. पाइपाचा माग काढत गेलो. वस्तीची लाइन गटारातून जाते आणि तिथेच फुटली आहे. टेकडीवरच्या बंगल्यांना वेगळी, नवी लाइन. इंजिनीयरसाहेबांना सांगितलं. म्हणाले, देवभोळे आहात, देवाचं बघा, पाइपात डोकं घालू नका.

२२ मार्च
पुढारी वस्तीत येऊन गेले. गटाराचं नाव नाही. एवढंच विचारलं म्हणे, की नवा माणूस आल्यावरच पोरं कशी आजारी पडली? आणि तो पाण्यावर काय पुटपुटतो? टाकीवर नाव घेताना कोणी तरी काढलेला माझा व्हिडिओ आता घरोघरी आहे. टेकडीवाल्यांना वस्तीची जागा हवी, मी म्हणे त्यांचा माणूस. जागा हवी आहे हे खरंच. म्हणून तर लोकांना उरलेलंही खरं वाटतं.

२५ मार्च
चौकात सगळ्यांसमोर टाकीचं पाणी तांब्याभर प्यालो. म्हणाले, विषावरचा उतारा आधीच घेऊन आलाय. गटार दाखवतो म्हटलं. एक म्हातारा हसला. म्हणाला, गटार माझ्या आज्यापासून आहे, तू कधी आलास?

२६ मार्च
धाकट्या भावाचा फोन. दादा, मला तरी खरं सांग, काय टाकतोस?
माझा सख्खा भाऊ.

२९ मार्च
टाकीचं पाणी कोणी घेत नाही. नाल्यावर हंडे लागलेत. चहावालीची लेक सकाळी गेली. नाल्याचंच पीत होती — सांगू कोणाला? साहेब फोन उचलत नाहीत. पोलीस रस्त्यापलीकडे, पाठ करून.
हात जोडले. नाव आठवेना.

दुपार
आले. सगळी वस्ती. पुढाऱ्यांची गाडी लांब, काचा वर —
दारावर थापा. मग एकदम शांत.
चहावाली बोलते आहे. शिव्या नाहीत. भाऊ, म्हणते, लेक गेली, धाकटा पोरगा अजून जिवंत आहे. पाया पडते, उतारा द्या.
उतारा नाही गं बाई.
दाराआडून ओरडलो, कोणी ऐकेना. कडी काढतो. मारा, पण आधी ऐका, धाकट्याला नाल्याचं —