सुभेदार दाजींची घागर

सांगली, श्रावण १९७७

तीर्थस्वरूप सुभेदार दाजींच्या चरणी धाकटा मेहुणा ज्योतिबा याचा दंडवत. अक्काची कंबर कशी आहे? म्हैस व्याली का? (व्याली असल्यास खरवस एसटीनं पाठवू नये. मागचा नुसत्या वासानं पोहोचला.) आम्ही सर्व खुशाल, आणि दाजी, आपण लढाई जिंकली!

तुमच्या सुलानं आज सकाळी मला चहा आणून दिला. कप काठोकाठ भरलेला, बशी कोरडी ठणठणीत. गेल्या वर्षी या पोरीला पाण्याचा पेला ओठापर्यंत नेता येत नव्हता, बोलणं तोंडातच विरघळायचं, आणि तुमच्या गावानं बाहेरची बाधा ठरवून उताऱ्याच्या कोंबड्या खाल्ल्या होत्या. ती कोरडी बशी बघून मी सरळ रडलो.

अन्नातलं तांबं तिच्या अंगातून बाहेर पडत नाही, यकृतात नि मेंदूत साठतं, असंच चाललं तर पोर हातची जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यावरचं एक औषध तिला सोसेना, अंगभर चट्टे उठले. दुसरं विलायतेत नुकतंच निघालेलं, पण लाखात एखाद्याला होणाऱ्या आजारासाठी कुठली कंपनी चूल पेटवणार? मग आमच्याच खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात मी मालकांपुढे हात जोडले. लालासाहेब म्हणाले, "एका पोरीसाठी भट्टी लावायची व्हय रं? लाव. पर खोकल्याच्या बाटलीत तुझं काय मिसळू नगंस."

दाजी, काय त्या रसायनाचा वास! पहिला घाणा काकवीसारखा चिकट झाला, दुसरा पिवळा पडला, आणि तिसऱ्याच्या वेळी लीलानं मला अंघोळीशिवाय घरात घेणं बंद केलं. (बायको असून!) शेवटी साखरेसारखे पांढरे खडे बसले. डॉक्टरांनी ते मुंबईहून तपासून आणले आणि सुलाला दवाखान्यात ठेवून सुरू केले. ती सुधारली, आमच्या घरी आली, आणि पुन्हा थरथरू लागली. मी घाण्यावर संशय घेतला, ॲसिडावर घेतला, मालकांवरसुद्धा घेतला.

मग एक दिवस डॉक्टर घरी आले. लीलानं त्यांना पाणी दिलं, चिंचेनं घासून लखलखीत केलेल्या तांब्याच्या घागरीतलं. होय, तीच! "पोरीला रातभर तांब्यात ठिवल्यालंच पाणी द्या, लय ताकद येती," असा हुकूम सोडून तुम्ही कंडक्टरच्या मांडीवर बसवून धाडलेली! मी कारखान्यात तांबं काढायचं औषध करतोय आणि तुम्ही घरात घागरीनं भरताय! तांब्यातलं पाणी म्हणजे आरोग्य, हे आपल्या हाडात मुरलेलं. संशय यावा कुणाला? (मीही तेच पीत होतो. ताकद काही आली नाही.) डॉक्टरांनी पेला खाली ठेवला आणि मला "अहो केमिस्ट" म्हणाले. ती शिवी होती.

घागर माळ्यावर गेली आणि पोर सावरली. लालासाहेबांनी कारखानाभर पेढे वाटले. आता जतकडच्या बिराप्पा धनगराच्या लेकीला हाच आजार निघालाय, तर तिच्यासाठी भट्टी लावायला त्यांनीच सांगितलंय.

अक्कास नमस्कार, घरातल्या लहानथोरांस यथायोग्य.

आपला,
ज्योतिबा

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. हा आजार आई-बाप दोघांकडून मिळून येतो, तेव्हा पाठच्या भावातही लपलेला असू शकतो. धाकट्या गुंडाला तपासणीला घेऊन या. "आमच्या घराण्यात असलं काय न्हाई" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे, ते लिहिण्यात कार्ड वाया घालवू नये. आजार आधीच सापडला तर पोराला सुलासारखे हाल सोसावे लागणार नाहीत. पाया पडतो, दाजी.

दुसरा ता. क. आबा, मी सुला. मामा लय गोडीगुलाबीनं लिवत्यात, तेवढ्यानं तुमी हलायचं न्हाई. हे अक्षर माझं हाय, कुणी हात धरल्याला न्हाई. बुधवारच्या गाडीनं गुंडाला घिऊन या. न्हाईतर मी एकटी येऊन त्येला कानाला धरून आणीन, आन् दुसऱ्या हातानं तुमाला.