पाचशे शब्दांत आजोबा

आण्णा, तुमच्या नातीला सहा महिन्यांसाठी परदेशात शिकायला जायचं आहे, आणि त्यापायी गेला महिनाभर आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोललेलं नाही. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी ती झाली. आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सिव्हिलला, आणि तिला पाण्याचं वेड आहे. म्हणजे नद्या, धरणं, पूर, जमिनीखालचं पाणी, असलं सगळं. तिच्या कॉलेजचा जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार आहे. दरवर्षी दोघं तिकडे जातात, एक सत्र शिकतात आणि परत येतात. तिला त्या दोघांत बसायचं आहे. ऐकायला किती सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं, म्हणून तर मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, कर की अर्ज, त्यात काय एवढं.

पहिला घोळ शिफारसपत्राचा. विभागप्रमुखांनी तिची शिफारस करायची, तर ते म्हणाले, "अगं, तूच लिहून आण, मी सही करतो." इथं सगळ्यांचं असंच चालतं म्हणे. मग ही स्वतःचं कौतुक स्वतःच लिहायला स्वयंपाकघरात येऊन बसली. लॅपटॉप ओट्यावर, बाजूला मी मेथी निवडतेय. तिला काही सुचेना. मी म्हटलं, थांब, मी सांगते. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते आणि इतकी वर्षं पोरांच्या दाखल्यांवर शेरे लिहितेय, मला काय अवघड. मी सांगितलं, "विद्यार्थिनी नियमित व आज्ञाधारक असून तिची वर्तणूक चांगली आहे." तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, हे शेळीचं वर्णन आहे." बाहेरच्या खोलीत तुमचे जावई हसले. ते कबनूरला यंत्रमागांच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, दिवसभर यंत्रांच्या आवाजात असतात, पण असलं नेमकं ऐकू येतं. मला राग आला. तिचा नाही, तुमचा. आपल्या घरात कुणी कुणाला तोंडावर चांगलं म्हटलंय कधी? मी बोर्डात तालुक्यात पहिली आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरं झालं. आता फुडचं बघ." आता फुडचं बघायला बसलोय, तर पोरीत काय चांगलं आहे ते सांगायला मायलेकींच्या तोंडातून शब्द फुटत नाही.

खरा घोळ पुढे होता. अर्जाबरोबर एक निबंध द्यायचा. तुम्ही कोण, कुठून आलात आणि हाच विषय का, हे पाचशे शब्दांत. तिच्या मैत्रिणी राजारामपुरीतल्या एका क्लासला जातात, परदेशी अर्जांचं मार्गदर्शन करतात तिथं. मीही तिला घेऊन गेले. क्लासचे सर चांगले बोलके निघाले. म्हणाले, "महापूर लिहू नका. कोल्हापूरची सगळी पोरं महापूरच लिहितात. तिकडच्या लोकांना वाटत असंल, हे गाव बारा महिने पाण्यातच असतंय." आम्ही हसलो. मग त्यांनी अर्जावरचं आडनाव पाहिलं, जरा थांबले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, तुमचे वडील शिक्षक होते म्हणता. त्या काळात शिकले म्हणजे सोसलं असणारच की. शाळेत वेगळं बसवणं, वरनं पाणी ओतणं, असलं काही? पोरगी पाण्यावरच शिकायला जात्याय. मस्त जुळतंय बघा."

मस्त जुळतंय. आण्णा, हे दोन शब्द मी अजून चावतेय. मी उठले, पोरीचा दंड धरला आणि जिना उतरले. खाली गाडीवर मागे बसताना तिनं विचारलं, "खरंच होतं का गं तसं काही?" मी म्हणाले, "हेल्मेट घाल."

तिला काय सांगणार होते? तुम्हाला आठवतंय का माहीत नाही, मला तो दिवस जसाच्या तसा दिसतो. मी सहावीत आहे. तुम्ही शिकवायचात त्याच गारगोटीच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे, विषय 'माझा आदर्श', आणि मी तुमच्यावर बोलणार आहे. तुमच्या लहानपणातलं मला एकच ठाऊक होतं. शाळेत नवा नळ बसला त्या दिवशी तुम्ही घरी येऊन आईशी सहज बोलून गेला होतात, की आम्हाला शाळेत भांड्याला शिवू द्यायचे न्हाईत, कुणीतरी वरनं ओतायचं, आम्ही ओंजळ धरायची, पोटात कमी आणि कोपरावरनं खाली जास्त. आपल्या समाजाच्या पोरांची ती रीतच होती, असं तुम्ही म्हणालात आणि पेपर वाचायला घेतलात. मी ते भाषणात घातलं. हात ओंजळीसारखे पुढे करून दाखवले. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. पहिलं बक्षीस मला, स्टीलचा डबा. तुम्ही मागच्या रांगेत इतर शिक्षकांबरोबर बसला होतात. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही खाली बघत होता.

वाटभर तुम्ही माझ्यापुढे भराभर चालत होतात. घरी आई भाकऱ्या थापत होती. तिला डबा दाखवायला मी पुढं झाले तर तुम्ही तो हातातून काढून घेतलात आणि म्हणालात, "ते माझं हाय. तुझं न्हाय. माझ्या तहानंवर टाळ्या मिळवू नगंस." मी रडायला लागले. आई म्हणाली, "पोर हाय ती, तिला काय कळतंय." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच आत्ता सांगतोय." दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलात आणि डबा टेबलावर ठेवलात. ते बिचारे गोंधळले, कशाबद्दल परत, काय चुकलं, विचारत राहिले. तुम्ही फक्त म्हणालात, "न्हाय, नको." आणि पुढच्या बाजाराला तसाच डबा, तेवढाच, स्वतः विकत आणून माझ्यासमोर ठेवलात. "हा तुझा. गणितात पैकीच्या पैकी पडले म्हणून." मी तो डबा बारावीपर्यंत वापरला, पण तुमच्या लहानपणाबद्दल पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. तुम्ही हसण्यासारखं सगळं सांगायचात. धर्म बदलल्यावर आजीनं घरातले देव पाटीत घालून ओढ्यात सोडले आणि मग पितळी ताट चांगलं आहे म्हणून तेवढं माघारी आणलं, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत. दुखलेलं मात्र तेवढं एकदाच, तेही आईला.

तर क्लासचे सर. चार दिवसांनी पोरगी कॉलेजातून आली ती हातात छापील कागद घेऊन. सरांनी आमची वाट न बघता स्वतःच नमुना लिहून पाठवला होता. त्यात तुम्ही होता, आण्णा. अनवाणी होता, भर उन्हात विहिरीच्या काठावर बसून रडत होता, आणि तिथंच तुम्ही शपथ घेतलीत की माझी नात एक दिवस सर्वांना पाणी देईल. मी कागदाचे तुकडे केले आणि तशीच क्लासला गेले. तिथं मी काय काय बोलले ते लिहीत नाही, तुमची लाज निघेल. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, मी वाईट माणूस न्हाय. माझी आई मजुरीला जायची, तेच लिहून माझा भाचा कॅनडाला गेला. तिकडं बसलेल्या माणसाला तुमची पोरगी कोण हे कसं कळणार? दार उघडायला काहीतरी लागतंयच की." येताना सिग्नलला उभी राहून मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते आणि हरत होते.

घरी आले तर पोरगी तयारच होती. म्हणाली, सरांचं खोटं मला नको होतंच, पण खरं काय ते तू सांग. मी म्हणाले, ते आजोबांचं आहे, आपलं नाही. ती म्हणाली, "मग माझं काय हाय? दहावीचे मार्क लिहू?" तुमचे जावई मध्ये पडले, "काय आसंल ते लिही की गं बाई आणि पाठवून टाक, शेवटची तारीख जवळ आली." दोघींनी त्यांना गप्प केलं. मी आवाज चढवला. म्हणाले, तुझ्या आजोबांनी दुःखाचं कधी भांडवल केलं नाही, तू पहिली निघालीस. हे म्हणायला नको होतं. ती शांतपणे खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मी अर्ज करतेय म्हटल्यावर वर्गातल्या एकीनं मला सगळ्यांसमोर विचारलं, यातपण कोटा असतो का गं? सगळी हसली. शिकवणारे सरसुद्धा."

कधी, मी विचारलं. म्हणाली, झाले बरेच दिवस. आणि हे काही पहिल्यांदा नाही. मी म्हणाले, अगं मग मला का नाही सांगितलंस? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी बावळटासारखं विचारलंय. "आपल्या घरात सांगत न्हाईत ना," ती म्हणाली.

आण्णा, मी तिला असं कधीच शिकवलेलं नाही. डब्याची गोष्टसुद्धा तिला माहीत नव्हती. मी काही बोलले नाही आणि तेवढ्यावरच ती शिकली. मला त्या वर्गातल्या मुलीचा राग आला, हसणाऱ्या सरांचा आला, पण सगळ्यात जास्त तुमचा आला, आणि तो अजून गेलेला नाही. तुम्हाला वाटलं असेल, आपण गप्प राहिलो की पोरांपर्यंत ते पोचणार नाही. ते पोचलं. तुम्ही नळ बसल्यावर बोललात, निदान आईजवळ तरी बोललात. माझी पोर एकटी कॉलेजातून घरी येऊन माझ्यासमोर जेवत होती आणि मी तिला विचारत होते, भाजीला मीठ बरोबर आहे का.

मग मी चहा ठेवला आणि तिला सांगितलं. ओंजळीचं सांगितलं, भाषणाचं, डब्याचं, तुम्ही काय म्हणालात ते तुमच्याच शब्दांत. ती ऐकत होती. मी तुमचं इतकी वर्षं इतकं जपलेलं सगळं सांगितलं आणि चहा उकळायच्या आत ते संपलं. ती विचारायला लागली. कुठली शाळा? म्हटलं, शाहूवाडीकडची, गाव ठाऊक नाही. पाणी ओतायचं कोण, मास्तर की पोरं? ठाऊक नाही. आणि ओतायला कुणी नसलं की? ठाऊक नाही. ते मग शिक्षकच का झाले? मी मामाला फोन लावला, तुमच्या मुलाला, तर तो म्हणाला, "मला तर एवढंबी माहीत न्हाय. तुला कुणी सांगितलं?" मी फोन ठेवला. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, जणू माझंच कुणीतरी नुकतंच गेलं होतं.

त्यानंतर ती दार लावून लिहायला बसली. क्लासला गेली नाही, मला दाखवलं नाही, मीही मागितलं नाही. शिफारसपत्रात शेवटी तिनं स्वतःच लिहिलं की ही मुलगी अवघड प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत सोडत नाही, आणि विभागप्रमुखांनी न वाचता सही केली. परवा अर्ज गेला. निवड झाली की नाही ते पुढच्या महिन्यात कळेल. घरात आता बोलणं सुरू झालंय, जेवढ्यास तेवढं. जावई म्हणतात, नाही झालं तर जग बुडत नाही. त्यांना कुणी सांगावं की ती रोज दहादा मेल उघडून बघते.

हे सगळं तुम्हाला कुठं पाठवायचं, आणि पाठवता आलं असतं तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही ते परत आणून माझ्यासमोर ठेवलं असतंत. त्या पाचशे शब्दांत तुम्ही आहात की नाही, हे मी तिला विचारलेलं नाही. तुम्ही त्यात असावं, असं मला वाटतं. हे तुमच्यासमोर बोलायची माझी कधी हिंमत झाली नसती.