काखुलू म्हणजे फार

टिलबर्ग,
१४ मे २०२५

अहो,

नमस्कार. मी ठणठणीत आहे. रोज चालते, गुडघा कुरकुरत नाही. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर आहे, ओला चमचा घालू नका.

ऋषभचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाचा, मध्येच घडी घालून ठेवाल.

मला इथे कशाला पाठवलंत ते विसरलेले नाही. 'त्या आफ्रिकेतल्या बुलावायोच्या मुलीचं खूळ पोराच्या डोक्यातून काढ.' काढणारच होते हो! पण दारात पाऊल टाकलं तर नोमसा वाकून नमस्कार करून मोकळी. माझं नाव घेत नाही, 'ऋषभची आई' म्हणते. त्यांच्यात सुनेने सासूसासऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं. तुमच्या आईंना किती आवडलं असतं!

मग म्हटलं, भांडायचं तर तिची भाषा थोडी यायला हवी. एकतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेली बाई मी, लगेच वही काढली. इसिन्देबेलेतलं क्रियाविशेषण सोपं आहे, बरं का. आपण 'जोर'चं 'जोराने' करतो, म्हणजे मागे जोडतो. ते पुढे जोडतात. 'खुलू' म्हणजे मोठा, त्याला 'का' लावला की 'काखुलू', म्हणजे फार. 'न्चाने' म्हणजे लहान, त्याचं 'कान्चाने', म्हणजे थोडंसं. त्यातला 'च' आपला नव्हे. आपण हळहळताना 'च्च' करतो ना, तो! आठवडाभर मी स्वयंपाकघरात च्च च्च करत होते. ऋषभला वाटलं, आईला कसलं एवढं दुःख झालंय. नोमसा हसून हसून खालीच बसली.

आता मुद्द्याचं. रविवारी तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. मागे चार मावश्या ओळीने बसलेल्या, डोक्याला रुमाल बांधून. नुसत्या मुलाच्या शब्दावर त्यांच्यात भागत नाही, त्याच्याकडच्या मोठ्यांनी बोलावं लागतं. त्यांनी थेट विचारलं, 'मुलाच्या वडिलांना पसंत आहे का?' नोमसाने ते मला सांगितलं आणि मान खाली घातली. ऋषभ तर माझ्याकडे बघायलाही धजेना.

अहो, मला येऊन जाऊन दोनच शब्द येत होते. 'कान्चाने' म्हटलं असतं तरी ती थापच. मग म्हटलं, थापच मारायची तर हात आखडता कशाला? छाती पुढे काढून सांगितलं, 'काखुलू!'

त्या चौघी उठून नाचायलाच लागल्या! जिभा हलवून असा उलूलूचा गजर केला की शेजारच्या डच आजी दार वाजवून चौकशी करून गेल्या. विहीणबाई रडल्या, मीही रडले. ऋषभ जन्मला त्यानंतर इतका आनंद मला त्या दिवशीच झाला.

मला ती मुलगी आवडली आहे. तुम्ही ओरडाल. ओरडा, पण इथे येऊन ओरडा. लग्न बावीस ऑगस्टला, इथल्या नगरपालिकेत, गेमेंटे म्हणतात तिला. ऋषभने व्हिसाचे कागद पाठवलेत, तुमची सही तेवढी राहिली आहे. चौतीस वर्षांत तुमच्या वतीने मी एक शब्द बोलले नव्हते. हा पहिला. मला खोटं पाडू नका.

तुमच्या नावाने हो म्हणून बसलेली,
शोभा