तू शिवून टाकलेली पानं

प्रिय विमल,

पत्र लिहायला तर बसले, पण पाकिटावर पत्ता काय घालू? तू होतीस तेव्हा मधल्या भिंतीवर दोन थापा मारल्या की काम व्हायचं. तिकडून तुझी हाक यायची, "आली वं, दम धर!" काल सवयीनं थाप मारली गेली. मग हात भिंतीवर तसाच राहिला.

आज लिहायचं कारण सांगते. काल मी तुझी चोरी पकडली. त्या कादंबरीतली पानं तू धाग्यानं शिवून टाकली होतीस ना? ती मी उसवली. वाचलीसुद्धा. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

अन् हो, पत्र आहे म्हणून जरा शुद्ध लिहिते आहे. हसू नको!

तुझी तेरवी झाली, पाहुणे गेले, त्यानंतर एका सकाळी तुझे मालक, आमचे भाऊजी, दारात उभे. हातात ते पुस्तक. म्हणाले, "कमलबाई, वाचनालयाचं हाय. परत करा लागते. पण तुमचं आयकून व्हायचं राह्यलं होतं ना?" एवढं बोलून गेले. तुझा चष्मा तसाच पुस्तकात खुणेला होता, विमल. शेवट उद्या वाचू म्हणालीस, अन् चहा ठेवायला गेलीस ती गेलीसच. असं कोणी करतं का?

कितीतरी दिवस मी ते उघडलंच नाही. मशीनच्या खणात ठेवलं होतं. कात्री काढताना दिसायचं. कात्री घ्यायची अन् खण लोटून द्यायचा.

आपल्या त्या दुपारी मला आठवतात. माझ्या ओसरीत मी मशीनवर, तू खाली पाटावर. अंगणवाडीत पोरांना गोष्टी सांगून तुझा आवाज असा तयार झालेला की मशीन चालू असली तरी शब्द न् शब्द ऐकू यायचा. तरी मधेच ओरडायचीस, "बंद कर वं ते खडखड! इथं पोरं जीव मुठीत घेऊन पळून राह्यले, अन् तुले काजबटनाची पडली!" गल्लीतल्या बाया म्हणायच्या, कमल-विमल म्हणजे साड्यांच्या दुकानाचं नाव वाटतं.

काय ती कादंबरी होती! कुठला तरी बर्फाचा देश. तिथल्या सरकारनं पुस्तकांवर बंदी घातलेली. ज्याच्या घरी पुस्तक सापडेल त्याला रातोरात उचलून न्यायचे. अन् त्या गावातली चार तरणी पोरं पुस्तकं मधमाश्यांच्या पेट्यांत लपवायची, कारण शिपाई तिथं हात घालत नव्हते! हे ऐकून मी मशीन थांबवून टाळी दिली होती तुला. आठवतं?

मी विचारलं होतं, "पण सरकार पुस्तकाले भेते काऊन?" तू म्हणालीस, "पुस्तक वाचणारा मान खाली घालून बसलेला दिसते. पण त्याच्या डोक्यात काय चालू हाय, ते सरकारले कसं कळंल?" तर तुमच्या घरातून, खाटेवरून भाऊजी, "मान खाली घालून तर सारी गल्ली मोबाईल पाह्यते! त्याईचं काय?" भिंतीपलीकडून कान इकडेच असायचे त्यांचे. अन् तोंडानं म्हणायचे, पुस्तकं वाचून काय भेटते.

त्या पोरांची नावं तुझ्या जिभेवर चढेनात. मग तू सरळ नावं बदलून टाकलीस. उंच तो लांब्या, चष्मेवाला तो मास्तर, पोरगी ती पिंकी, अन् सगळ्यांत लहान, हट्टी, वाचता वाचता जेवण विसरणारा, तो छोटू. बर्फाच्या देशात पिंकी अन् छोटू! पण मला ते आपलेच वाटायला लागले.

मग एक दिवस छोटू पुस्तक घेऊन निघाला अन् शिपाई त्याच्या मागे लागले. माझा पाय मशीनवरच थांबला. तू पान उलटलंस, जरा थांबलीस, पदरानं चष्मा पुसलास. मग म्हणालीस, "छोटू नदी पार करून गेला वं. पलीकडे दुसरा देश होता. सुटला."

मला तेव्हाच टाका जाणवला होता, विमल! शिवणारी बाई आहे मी. कुठं कापड जोडलं आहे ते हाताला कळतं. तुझा आवाज तिथं जरासा उंच लागला, लग्नाच्या घरात खोटं बोलताना लागतो तसा. पण पोरगा सुटला होता ना! सुटलेल्या पोराची चौकशी कशाला करायची?

उलट मी तुझ्या मागे लागले. रोज विचारायची, "छोटूचं पत्र आलं का वं त्याच्या मायले?" अन् तू देत गेलीस. पत्र आलं. मग तो एका छापखान्यात कामाला लागला. मग तर तू त्याचं लग्नही लावून दिलंस! नवरी कुठली, काय, सगळं. मी म्हटलं, लिहिणाऱ्यानं किती बारीक लिहिलं आहे. लिहिणारी समोर पाटावर बसलेली होती, हे मला काय ठाऊक!

काल मी धीर करून पुस्तक उघडलं. मला वाचायचं म्हणजे किती कष्ट, तुला माहीत आहे. शाळा तिसरीतच सुटली. पुढं वाचायला शिकले ती ब्लाऊजचं माप कापायला जो रद्दी पेपर वापरतो त्याच्यावर. त्यामुळे माझी प्रत्येक बातमी मुंढ्यापाशी संपायची. चोर पकडला का, ते बाहीच्या तुकड्यावर गेलेलं असायचं. तू म्हणायचीस, "तुले अर्धवट गोष्टीची सवय हाय, कमल."

छोटूला शोधलं तर छोटू कुठंच नाही! लांब्या नाही, पिंकी नाही. चुकीचं पुस्तक आणलं की काय भाऊजींनी? मग मधमाश्यांच्या पेट्या सापडल्या, नावं तू बदलली होतीस ते आठवलं, अन् जीव भांड्यात पडला. अन् मग मधेच जाड लागलं बोटांना. तीन-चार पानं एकमेकांना शिवलेली. कडेकडेनं पांढरा धावदोरा. दोरा माझ्याच रिळाचा, अन् टाका तुझा. मुंगी रस्ता चुकल्यासारखा चालतो तुझा टाका. किती शिकवलं तुला, नाही जमला तो नाहीच जमला.

पुस्तक घेऊन तशीच तुझ्या घरी गेले. म्हटलं, "भाऊजी, हे काय?"

बोटांनी चाचपलं त्यांनी. मोतीबिंदू काढला तरी त्यांना आता अक्षर दिसत नाही. मग म्हणाले, "तिनं शिवलं. तिनं अगोदर मले वाचून दाखवलं होतं. रडली लय. म्हणे, हे कमलले कसं वाचू? मी म्हणलं, गाडी वळव. रस्ता खराब असला तर दुसऱ्या रस्त्यानं काढा लागते. आम्ही एसटीत तेच केलं जलमभर."

मी म्हटलं, "म्हणजे तुमी दोघं मिळून सरकार झाले?"

"तसंच समजा," म्हणाले. अन् खाली पाहून, "पण सरकार रडलं होतं, बाई."

राग आला होता विमल, खरं सांगते. पुस्तक छाटणाऱ्या सरकारची गोष्ट मला वाचून दाखवते, अन् स्वतःच छाटते! मी काय अंगणवाडीतलं पोर होते तुझ्या?

मी कमरेची छोटी कात्री काढली अन् तिथंच, त्यांच्या खाटेपाशी बसून एकेक टाका कापला. "राहू द्या ना बाई," ते म्हणाले. मी म्हटलं, "आयका आता. मी वाचतो." अडखळत, बोट ठेवून, जोडाक्षरं फोडून वाचलं. तू असतीस तर तुला झोप लागली असती.

छोटू नदी पार करून गेलाच नाही. काठावरच गेला.

तिथं मी थांबले. भाऊजी म्हणाले, "बस झालं." पण पान संपलं नव्हतं ना! पुढं त्याची आई होती. तिला त्याचा कोट आणून देतात. ती कोट धुवायला घेते. हाताला अस्तरात जाड लागतं. तिनंच तर तिथं पुस्तक शिवून दिलं होतं त्याला! शिपायांना सापडलं नव्हतं. तिला वाचायला येत होतं थोडंथोडं, पण पोरानं वाचलेलं तिनं कधी वाचलं नव्हतं. ती शिवण उसवते अन् दारात बसून वाचायला लागते. दिवसाढवळ्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. अन् वाचता वाचता थांबून म्हणते, इथं तो हसला असेल.

विमल, हे तू माझ्यापासून काऊन लपवलं? पोराचं मरण लपवायला गेलीस अन् ही बाई पण लपवलीस! ती तर मला पाहिजे होती. मरण मला नवीन आहे का? माझा प्रवीण तापानं गेला तेव्हा तूच तर माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस, अल्लीपूरच्या घरात.

त्यानंतर कोणी माझ्यासमोर त्याचं नाव काढलं नाही. इकडे पिपरीला राहायला आलो तरी नाही. त्याच्या बरोबरीच्या पोरांची लग्नं झाली, पत्रिका देताना लोक नजर चुकवायचे. कॉलेजचा विषय निघाला की कोणी तरी चहाचं विचारायचं. माझ्याच भल्यासाठी, मला कळतं. मीही विषय बदलू दिला. पण घरात एका नावावर बंदी बसली होती, अन् सगळ्यांनी मिळून ती पाळली. त्या बर्फाच्या देशात तरी एवढी कडक पाळली गेली नसेल.

पुस्तक मांडीवर ठेवून मी बसले होते. भाऊजी भिंतीकडे तोंड करून. मग एकाएकी म्हणाले, "प्रवीणबी असाच होता."

इतक्या वर्षांनी, विमल! मी हललेच नाही. हलले तर ते थांबतील असं वाटलं.

"अल्लीपूरहून माह्याच गाडीत बसे. सामोरच्या सीटवर. जाडं पुस्तक राहे हातात. कॉलेजचा स्टॉप आला तरी उतरे नाई! मी ओरडो, अबे उतर ना, तं म्हणे, काका, एकच पान. डेपोतच ये मंग माह्यासंगं. मी त्याले चहा पाजो, अन् वापस पायी जाये. मले म्हणे, काका, मायले सांगू नका."

"काय वाचे?" मी विचारलं.

"मले काय मालूम? जाडं होतं. पण एकटाच हासे, बाई. मी आरशात पाहो."

मला वाटायचं पोरगा मित्रांत रमतो म्हणून उशिरा येतो. अन् तो एक पान वाचत डेपोपर्यंत जायचा! माझा पोरगा मला काल थोडा आणखी मिळाला. भाऊजींच्या आरशात इतकी वर्षं तो बसून होता. तुलाही ठाऊक असणारच. नवऱ्यानं तुला सांगितलं नसेल असं होईल का? तू तेही शिवून टाकलंस, होय ना?

जा, रागावले नाही. रात्री पडल्या पडल्या तो दोरा बोटाला गुंडाळत होते तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तुला पानं फाडता आली असती. फाडली नाहीस. शिवलीस, तेही कच्च्या टाक्यानं. कच्चा टाका माणूस कधी घालतं? पुढं उसवायचा असतो तेव्हा. मी तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? कापड कापून टाकू नको, आत दुमडून ठेव, लेकरू वाढलं की सोडता येतं. त्या दुमडीला आम्ही काय म्हणतो ते तू हसत हसत दहादा माझ्याकडून वदवून घेतलं होतंस. माया.

आता शेवट तेवढा राहिला आहे. तो मी भाऊजींना रोज दुपारी वाचून दाखवणार आहे. अडखळले तर अडखळले. एकही ओळ गाळणार नाही, हे तुला वचन. नावंही पुस्तकातलीच घेईन. पण छोटूला छोटूच म्हणेन, त्याला आता दुसरं नाव शोभणार नाही. अन् रोज वाचून झालं की भाऊजींकडून एक गोष्ट माझ्या प्रवीणची मागून घेईन. दार उघडं ठेवून, गल्लीला ऐकू जाईल अशी.

मग पुस्तक वाचनालयात परत देईन. पानांच्या कडेला सुईची भोकं राहतील, त्याला इलाज नाही. टाका उसवला आहे, विमल. माया आत तशीच ठेवली आहे.

तुझी,
भिंतीअलीकडची कमल