डोंगराकडची बाई पाण्यात

कोतुकु खाडी,
ता. ७ फेब्रुवारी १९७१

चि. हुइया हिला,
अ. उ. आ., आणि तुझ्या आजीकडून एक गालगुच्चा.

तुझं पत्र शुक्रवारच्या बसने आलं. विनीने दुकान उघडं टाकून ते स्वतः आणून दिलं आणि माझं वाचून होईपर्यंत दारातून हलली नाही. डॉक्टरांनी मे महिन्यापर्यंत अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलंय ना, मग उठू नकोस. मागच्या खेपेला ऐकलं नाहीस, त्याचं काय झालं ते आपल्या दोघींना ठाऊक आहे. ह्या बाळाला नीट राहू दे.

इकडे उन्हाळा सरत आलाय, पण टोमॅटोंना ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. बाटल्या भरून भरून माझी बोटं लाल झालीत. कहावाई मासे खाडीत शिरलेत आणि घरोघरी धुरी चाललीय. तुझ्या आजीच्या केसांनासुद्धा धुराचा वास येतोय. अठ्ठ्याऐंशी वर्षांची झाली तरी टोपली टोपली तपासते, आणि ह्या वर्षीचे मासे फारच बारीक म्हणून नाक मुरडते. दरवर्षी हेच म्हणते.

आता मुद्द्याचं. किरीला माझ्याकडे पाठव. जॅक बंदरावर पाळीला जाणार, तू पलंगावर, मग सहा वर्षांच्या पोरीने काय भिंतींशी खेळायचं? शाळा घरापासून दोन मिनिटांवर आहे. मीच तिकडे आले असते, पण सासूबाईंना कुणाच्या गळ्यात टाकू?

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ आहेच, वाढला तर पुढच्या बसने कळव.

तुझी आई,
मेरेआना


वेलिंग्टन,
ता. १३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि. पलंगावर आडवीच आहे, त्यामुळे नमस्कार खरोखरीचा साष्टांग आहे, उताणा का होईना.

मी बरी आहे. जॅक स्वयंपाक करतो. बटाटे उकडणं ह्याला स्वयंपाक म्हणत असतील तर. खालच्या मजल्यावरच्या बाई किरीला शाळेतून आणतात आणि संध्याकाळपर्यंत टीव्हीपुढे बसवून ठेवतात. काल किरीने मला विचारलं की ती शहाण्यासारखी वागली तर त्या बाईंकडे जाणं बंद होईल का. मला तोंड वळवावं लागलं. पण निदान तिथे ती कोरडी तरी राहते.

तिला तिकडे पाठवणार नाही, आई. कारण लिहायला लावू नकोस. पण तू लावशीलच, म्हणून लिहिते. तुझं घर पाण्यापासून चाळीस पावलांवर आहे. किरी एका जागी क्षणभर टिकत नाही. आणि तुला पोहता येत नाही. बाबा गेले त्या दिवशीही येत नव्हतं.

रागावू नकोस. आजीला माझा नमस्कार.

तुझी,
हुइया


कोतुकु खाडी,
ता. २१ फेब्रुवारी

चि. हुइया,
अ. उ. आ.

तुझं म्हणणं वाचलं. वाद घालत नाही.

ब्लॅकबेरी पिकल्या. मुलांची तोंडं आणि शाळेच्या वह्या एकाच रंगाच्या झाल्यात, असं मास्तर सांगत होते. मला जरा सर्दी आहे आणि कानात दडे बसलेत. अक्षर वाकडं आलं तर दंड दुखतायत म्हणून. रताळी अजून काढायला घेतली नाहीत, तेव्हा कशाने दुखतायत ते विचारू नकोस. वरच्या कोपऱ्यात शाई पसरलीय ना, ते केसांतून टपकलेलं पाणी आहे. रडले म्हणून समजशील.

किरीसाठी लोकरीचं बनियन विणतेय. तिच्या छातीचं माप कळव. तुझं विचारत नाही, तू आता मापात मावत नसशील.

जपून राहा.

तुझी आई


कोतुकु खाडी,
ता. २८ फेब्रुवारी

चि. हुइया,
अ. आ., आणि आधीच माफी.

तुझ्या आईने माझ्याकडून शपथ घेतलीय की हुइयाला सांगायचं नाही. लिहायचं नाही अशी शपथ घेतलेली नाही, म्हणून लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी आई दुकानात आली. मला वाटलं साखर हवी असेल. पण ती म्हणाली की विनी, तू ह्या खाडीतली सगळी पोरं पोहायला शिकवलीस, मला शिकव. चाळीस वर्षं आम्ही तिला डोंगराकडची बाई म्हणून चिडवत आलो. रोज समुद्र बघायचा आणि पाऊल वाळूतच ठेवायचं, असा तिचा खाक्या. मी हसले. ती हसली नाही.

पहिल्या दिवशी घोट्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तेही माझ्या हातावर तिच्या नखांचे वण उठवून. कान पाण्यात बुडवायला सहा दिवस गेले. तुझी आजी माशांच्या खोक्यावर छत्री घेऊन बसते आणि ओरडून सांगते की एखादी मेंढी एव्हाना शिकली असती. पण रोज सकाळी सगळ्यांच्या आधी तीच तिथे येऊन बसलेली असते.

काल मेरेआना नांगरलेल्या होडीकडे निघाली. पंचवीस हातांचं अंतर असेल. अर्ध्यावर घाबरली, पाणी प्यायली, मी धरून आणली. वाळूवर बसून इतकी थरथरत होती की मी म्हटलं, पुरे झालं आता, आपली वयं काय! तिने तोंड पुसलं आणि विचारलं की उद्या ह्याच वेळेला ना.

मला तिची काळजी वाटते आणि अभिमानही वाटतो. तुला दोन्ही कळावं म्हणून हा खटाटोप.

तुझी,
विनीमावशी


वेलिंग्टन,
ता. ५ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू बासष्ट वर्षांची आहेस! विनीमावशी बाहत्तरची! एकीच्या पायात पेटका आला तर दोघींना कोण काढणार, खोक्यावरची आजी? हे ताबडतोब बंद कर.

हे लिहून दोन दिवस कागद उशीखाली ठेवला होता. आता उरलेलं लिहिते, कारण पडून पडून माणसाला दुसरं काही सुचत नाही.

त्या दिवशी मी शाळेच्या पायरीवर होते, आई. नऊ वर्षांची. बाबांची होडी खडकापाशी उलटलेली मी पाहिली. तू गुडघाभर पाण्यात उभी होतीस. ओरडत होतीस, पण पुढे जात नव्हतीस. एकवीस वर्षं माझ्या मनात तेच आहे, की तू गेली असतीस तर बाबा आले असते. मोठी झाल्यावर कळलं की तू गेली असतीस तर मला दोघंही उरली नसती. कळलं, पण राग गेला नाही. सुट्ट्यांत यायचं टाळलं ते गाडीच्या गर्दीमुळे नव्हे. किरीला समुद्रापासून लांब ठेवते असं स्वतःला सांगत होते. तुझ्यापासूनही लांब ठेवत होते.

लिहिलं एकदाचं. हे पत्र टाकू नकोस असं जॅकला सांगायच्या आत तो ते घेऊन जाऊ दे.

तुझी,
हुइया


कोतुकु खाडी,
ता. १२ मार्च

चि. हुइया, माझ्या बाळा,
आशीर्वाद, सगळेच्या सगळे.

पत्र तीनदा वाचलं. तो राग मला ठाऊक होता. मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.

एक गोष्ट तुला शाळेच्या पायरीवरून दिसली नसेल. तुझ्या बाबांनी, राविरीने, होडीला धरून एक हात वर केला होता. सगळ्यांना वाटलं तो मदतीला बोलावतोय. तो मला मागे फिर म्हणत होता. हाताने दोनदा ढकलल्यासारखी खूण केली त्याने. मग होडी सुटली. हे मी कुणाला सांगितलं नाही, सासूबाईंनासुद्धा नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते की मग तुझा दोष नाही, आणि मला ते ऐकून घ्यायचं नव्हतं. त्या वेळी बुडालेल्याच्या मानासाठी, रिवाजाप्रमाणे महिनाभर खाडीतून कुणी एक शिंपलाही उचलला नाही. महिन्याने सगळे पुन्हा पाण्यात उतरले. मी नाही उतरले.

काल रात्री जेवताना सासूबाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की कुठल्या हाताने. मी म्हटलं, उजव्या. त्यांनी मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी एक मासा वाढला.

मंगळवारी होडीपर्यंत गेले आणि परत आले. विनी ह्याला पोहणं म्हणायला तयार नाही, म्हणते हे कुत्र्याने ओढा ओलांडणं आहे. एवढ्याने मी कुणाला बुडताना ओढून आणू शकेन, असा माझा समज नाही. किरी आली तर तिला पाण्याजवळ एकटी सोडणार नाही. पण पुन्हा कधी तशी वेळ आली तर मी गुडघाभर पाण्यात उभी राहणार नाही. हे तुला सांगता यावं म्हणून शिकले. पोर पाठव की नको पाठवू, उद्या सकाळी मी जाणारच आहे. आता मला आवडायला लागलंय. कान बुडाले की सासूबाईंचं काही ऐकू येत नाही.

तुझी आई


वेलिंग्टन,
ता. १६ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

येत्या शनिवारी जॅक किरीला घेऊन येतोय.

तिला दुधावरची साय चालत नाही. झोपेत बडबडते, घाबरू नकोस. डावा बूट चावतो, पण सांगत नाही. तिला विनीमावशीकडे शिकायला घाल, आणि तू तिच्या शेजारी पाण्यात राहा.

बाबांच्या हाताबद्दल लिहिलंस ते मी जॅकला वाचायला दिलं, कारण मला मोठ्याने वाचता येईना. मग त्याने वाचून दाखवलं. तो इंजिनासारखा खडखडीत वाचतो, आणि तेच बरं झालं.

बाकी काही लिहिता येत नाही. लोभ तर तू पाहतेसच आहेस.

तुझी,
हुइया


कोतुकु खाडी,
ता. २४ मार्च

चि. हुइया,
अ. उ. आ.

पोर पोचली. जॅकने दोन दिवस राहून रताळी काढायला मदत केली आणि निम्मी फावड्याने कापून ठेवली. विनी म्हणते माणूस चांगला आहे, फक्त त्याच्या हातात काही देऊ नये. तुझ्या आजीने पणतीचे कान, दात आणि गुडघे तपासले, आणि बारीक आहे पण चालेल असा निकाल दिला.

किरी पहिल्या दिवशी पाण्याकडे फिरकलीच नाही. काल शाळेतून आल्यावर तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि हे कोण म्हणून विचारलं. तू तिला सांगितलं नव्हतंस. दोष देत नाही, मीही एकवीस वर्षं ते नाव मोठ्याने घेतलं नव्हतं. मी सांगितलं की हा तुझा आजोबा, राविरी. तो कुठे आहे असं विचारल्यावर मी तिचा हात धरून किनाऱ्यावर नेलं आणि खडकाच्या पलीकडची जागा दाखवली. सासूबाईही काठी टेकत मागून आल्या.

तिने बराच वेळ बघितलं. मग माझा हात सोडून गुडघाभर पाण्यात गेली, मी लगोलग तिच्या शेजारी, आणि तोंडाभोवती हात धरून तिकडे ओरडून सांगितलं की माझं नाव किरी आहे, मी वेलिंग्टनहून आलेय, आणि मे महिन्यात आमच्याकडे एक बाळ येणार आहे. मग वळून मला विचारलं की ऐकू गेलं असेल का. सासूबाईंनी वाळूवरून उत्तर दिलं, की तुझ्या आजोबाचे कान चांगले होते, गेलं असेल.

तेव्हा बाई, तुझ्या वतीने तिकडे शब्द दिला गेलाय. मेपर्यंत पलंगावरून हलू नकोस. बाळ झालं आणि तुझ्यात ताकद आली की तिघंही इकडे या. आम्ही चौघी वाट बघतोय, विनीला धरून.

तुझी आई,
मेरेआना