सासऱ्याची साक्ष

मंगळवार, ८ मे १९७३, तामलवाडी

हात सारखा खिशाकडं जातोय. खिसा रिकामा. आजोळी असणाऱ्या पोरीची पोटगी थकली म्हणून माझं लायसन कोर्टात जमा आहे. परत द्या म्हणून अर्ज केलाय, उद्या तारीख. न्हाय मिळालं तर पाण्याच्या टँकरवर दुसरा डायवर बसणार. मग पोटगी कशातनं देऊ? पुढं जेलच.

मागच्या तारखेला म्या सांगितलं, पैसे दिले न्हाईत, पण सासऱ्याच्या घरी ज्वारीची पोती टाकली. जजसाहेब म्हणाले, "पावती?" म्या म्हणलं, "सासऱ्याकडनं पावती कोण मागतं साहेब?" सगळे हसले. मीपण हसलो. आता पावती कुठनं आणू?

म्हणून आज सासऱ्यांच्या गावी, जळकोटला गेलो. वाटेत एका विहिरीला सुरुंग लावत होते, ते बघत तासभर उभा राहिलो. माझं हे असंच. पोर दारातच होती. आत बघून ओरडली, "आजा, कुणीतरी माणूस आलाय."

सासऱ्यांना म्हणलं, "मामा, ज्वारी पोचली एवढं उद्या कोर्टात सांगा."

"सांगतो की जावईबापू. दोन पोती आली. त्यानंतर दिवाळीपासनं तुम्ही कुठं होता, तेबी सांगतो."

कुठं होतो? विजापूर, गुलबर्गा, कुणाच्याबी ट्रकवर. रस्ता दिसला की जावंसंच वाटतं. हे साहेबाला कसं सांगू?

परत हात खिशाकडं गेला. मामा खोटं बोलणारे असते तर काय तरी सांगून त्यांची समजूत काढली असती. उद्या ते खरंच बोलणार, त्याचीच लई भीती वाटतीय.