सर्जनने सोडलेला दोरा

दि. ५ जून
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
तुझ्या धाकट्या भावाचं भगंदराचं ऑपरेशन पार पडलं. कोमट पाण्याच्या टबात बसणं हाच सध्या माझा उद्योग. तुझी भावजय दाराबाहेरून विचारते की आज बाहेर यायचा विचार आहे का.

पण सर्जनचं फिनिशिंग अगदीच सुमार गं! जखमेतून चक्क दोऱ्याचा फास लोंबत ठेवलेला. काम झालं की कच्चा दोरा काढायचा, हे आम्हा शिंप्यांत शिकाऊ पोरालाही कळतं. काल आरसा धरून मीच कात्रीने कापला आणि ओढून काढला. जरा दुखलं, पण काम साफ.

माया आहेच, ती उसवू देऊ नकोस.
तुझा धाकटा

दि. ९ जून
चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.
पत्र वाचून कपाळाला हात लावला. अरे शहाण्या, तो दोरा मुद्दाम ठेवलेला! शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या की भगंदराचा रस्ता स्नायूतून जात असेल तर तो एकदम कापत नाहीत, शौचावरचा ताबा जायची भीती असते. म्हणून दोरा ओवून ठेवतात, म्हणजे आत पू साचत नाही. असशील तसा दवाखान्यात जा. लाजू नकोस, तुझे लंगोट मीच बदललेत. तुझे भावजी म्हणतात की आधी घरातल्या कात्र्या लपवा.

रागावले तरी जीव तुझ्यापाशीच आहे.
तुझी ताई

दि. १६ जून
ती. ताईस, शि. सा. न.
सर्जनने आधी चष्मा काढून हसून घेतलं, मग यथेच्छ झापलं. पू साचलाच होता. पुन्हा भूल, पुन्हा दोरा.

ताई, तुला म्हणून सांगतो, मला भीती वाटते. ताबा राहील ना, असं मी विचारलं. ते म्हणाले की बहुतेकांचा राहतो, पण जखम भरेपर्यंत शब्द देता येत नाही. लोकांची नवी कापडं मांडीवर घेऊन बसायचं माझं काम. एकदा डाग पडला की कोण येईल माझ्याकडे? दुकानाचं कुलूप काढायचा धीर होत नाही.

भावजींना यातलं काही सांगू नकोस. आठवण ठेव.
तुझा धाकटा

दि. २ डिसेंबर
ती. ताईस, शि. सा. न.
मधे आणखी एक लहान ऑपरेशन झालं आणि दोरा सर्जनने स्वतःच्या हाताने काढला. जखम आतून भरत आली. सुरुवातीला शिंकायचीही धास्ती होती, वारा सरला तरी मी दचकायचो. ते हळूहळू थांबलं. परवा सर्जन म्हणाले की दुखणं कधीच उलटणार नाही असं नाही, पण आता खुशाल कामाला लागा.

त्यांच्या बोलण्यावर माझा विश्वास बसेना. म्हणून स्वतःसाठी एक विजार शिवली, पांढरीशुभ्र. ती घालून आज सकाळी मशीनवर बसलो तो दुकान बंद होईपर्यंत. मागे वळून बघायची हिंमत मात्र झाली नाही. घरी आलो तर तुझ्या भावजयीने दारातच मला पाठमोरं उभं केलं. विजार उजेडात नीट निरखली. मग म्हणाली की ही उद्याही घालता येईल, आणि मला धरून रडायला लागली. मीही रडलो गं.

सगळ्यांना नमस्कार. लोभ आहे तसाच असू दे.
तुझा धाकटा